धूर नसलेली शेगडी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २०२४ च्या नोव्हेंबरपासून एक विनोद फिरतो आहे. थंडी पडली की कुणीतरी हमखास लिहितं, "माईला सांगा, शेगडी पेटवू नकोस हं!" मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. माई म्हणजे माझी आई. तीही एक हसरा चेहरा टाकून मोकळी होते. पण तिला ते लागतं, हे मला माहीत आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे. नातेवाईक मंडळींनी तर शेवटपर्यंत वाचावंच, ही विनंती!

आधी काय झालं ते सांगते.

आम्ही सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, तळ्यापलीकडच्या उपनगरात राहतो. १९ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी इथे वादळ झालं. वारा पूर्वेकडून, डोंगरावरून खाली आला. आमच्याकडे घरांपेक्षा दुप्पट-तिप्पट उंच झाडं घराला खेटून उभी असतात. ती एकेक करून तारांवर पडत गेली आणि लाखो घरं अंधारात गेली. नवरा कामासाठी परगावी होता. घरात मी, नऊ वर्षांची लेक आणि सहा महिन्यांसाठी आलेली आई.

आता वीज जाण्यातलं आईला मी काय शिकवणार? २००५ च्या आसपास महाराष्ट्रात खेडोपाडी दहा-बारा तासांचं भारनियमन होतं, तेव्हा ती वाईजवळच्या आमच्या घरात एकटी राहत होती. दिवे लुकलुकायला लागले तशी तिने आधी पातेली, बादल्या भरून घेतल्या. काडेपेटी, टॉर्च आणि औषधांचा डबा एका ताटात काढून ठेवला. "अंधारात हात घातला की सापडलं पाहिजे," म्हणाली. तिघींची अंथरुणं एकाच खोलीत घातली, दाराला चादर लावली. मी मात्र फोनमध्ये किती टक्के उरलेत ते बघत बसले होते.

पहिली रात्र अशी मजेत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातला पारा बारा अंशांवर आला. लेकीला सर्दी होती, ती कुडकुडत होती. आमच्या घरातली ऊब विजेवर, स्वयंपाकाची चूलही विजेचीच. आई गॅरेजमध्ये गेली आणि उन्हाळ्यात अंगणात कणसं भाजायला आणलेली कोळशाची पिशवी घेऊन आली. बरोबर एक जुनं लोखंडी घमेलं. मागच्या अंगणात तिने कोळसे पेटवले. मी म्हटलं, "आत नको आणूस, धूर होईल." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "अगं, धूर असताना कोण आत आणतंय? निखारे होऊ देत. धूर गेला की आणायची."

आणि तसंच झालं. निखारे लालबुंद झाले, धूर पार संपला. घमेल्याखाली विटा ठेवून तिने ते खोलीच्या मध्यावर ठेवलं. आत नेताना दार मी धरलं होतं. हे विनोद करणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. दार मी धरलं होतं!

काय सुंदर ऊब आली म्हणून सांगू! लेकीला झोप लागली. आईने ओव्याची पुरचुंडी गरम करून तिच्या छातीवर ठेवली. माझं डोकं थोडं दुखायला लागलं होतं, पण दोन दिवसांचं जागरण, चहा नाही, दुखणारच. तेवढ्यात जिन्यातला अलार्म कर्कश ओरडायला लागला. मला वाटलं, बॅटरी उतरली. वीज गेली की ही यंत्रं कधीकधी कुरकुर करतात. मी खुर्चीवर चढून तो काढणार, इतक्यात लेक उठून बसली आणि ओरडली, "काढू नकोस! बाहेर चल!" शाळेत त्यांच्याकडून आगीची कवायत करून घेतात. अलार्म वाजला की प्रश्न विचारायचे नाहीत, बाहेर पडायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

आम्ही तिघी शाली गुंडाळून बाहेर रस्त्यावर उभ्या राहिलो. अग्निशामक दलाची माणसं आली. त्यांनी घमेलं बाहेर नेलं, सगळी दारं-खिडक्या उघडल्या आणि हातातलं मीटर घेऊन घरभर फिरले. एकाने मला बाजूला घेऊन, अजिबात न रागावता सांगितलं की अजून तास-दोन तास झोपलो असतो तर कदाचित उठलो नसतो. मी ते मराठीत आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पण धूर नव्हता गं." पुढचे दोन दिवस ती जवळजवळ बोललीच नाही.

ते "धूर नव्हता गं" माझ्या डोक्यातून जाईना. वीज आल्यावर मी वाचायला लागले. आणि मग कळलं की आमच्या घरी जे घडलं ते इथे आधीही घडलेलं आहे. त्याला चांगला लिहून ठेवलेला इतिहास आहे.

२० जानेवारी १९९३. त्या दिवशी वॉशिंग्टन डीसीमध्ये बिल क्लिंटन यांचा शपथविधी होता, म्हणून इथल्या त्या वादळाला शपथविधीच्या दिवसाचं वादळ असंच नाव पडलं. वीज गेली आणि पुढच्या काही दिवसांत सिअ‍ॅटल परिसरात कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेली ८१ माणसं उपचारासाठी आली. डॉक्टरांनी त्यांची नीट नोंद ठेवली. त्यातल्या ४४ जणांना बाधा झाली होती घरात जाळलेल्या कोळशामुळे. त्या ४४ पैकी ४० जण अल्पसंख्याक समाजांतले होते आणि २७ जणांना इंग्रजी येत नव्हतं. बाकीच्यांपैकी बहुतेकांना बाधा झाली ती पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरमुळे. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), जनरेटरवाले सगळे गोरे होते!

हा तपशील वाचून मी थबकले. म्हणजे मूर्ख कुणीच नव्हतं. थंडी वाजल्यावर प्रत्येकाने आपापल्या घरात जे पाहिलं होतं तेच केलं. ज्यांच्या आजीने शेगडी पेटवली होती त्यांनी कोळसा पेटवला, ज्यांच्या वडिलांकडे यंत्रांची खोली होती त्यांनी यंत्र सुरू केलं. वायू एकच. दोघांनाही त्याने सारखंच गाठलं.

त्यानंतर एक चांगली गोष्ट झाली. कोळशाच्या पिशवीवर आधीही धोक्याची सूचना असायची, पण ती इंग्रजी शब्दांत. ज्यांना सर्वांत गरज त्यांनाच ती वाचता येत नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नियम बदलला आणि पिशवीवर चित्रं काढणं सक्तीचं केलं. घर, तंबू आणि मोटार, तिन्हींच्या आत शेगडी आणि त्यावर फुली. मी गॅरेजमध्ये जाऊन आमची पिशवी पाहिली. चित्र होतं की! उन्हाळाभर ती पिशवी मी दहा वेळा उचलली असेल, पण चित्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आणि मला तर इंग्रजीही येतं.

मग आलं २००६. १४ डिसेंबरच्या रात्री पुन्हा मोठं वादळ झालं. सिअ‍ॅटलच्या विमानतळावर ताशी १११ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. दहा लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली आणि काही ठिकाणी वीज यायला आठवड्यापेक्षा जास्त दिवस लागले. या वेळी किंग काउंटीत, म्हणजे सिअ‍ॅटल आणि आमची उपनगरं मिळून जो जिल्हा होतो त्यात, बाधितांची संख्या २५९ वर गेली. त्यातले ८ जण वाचले नाहीत. आरोग्य विभागाने ८६ घरांचा अभ्यास केला. त्यातली ५० घरं बाहेरच्या देशांतून आलेल्यांची होती. आफ्रिकेतली २१, आशियातली १६, बाकी लॅटिन अमेरिका आणि मध्यपूर्वेतली. या स्थलांतरितांच्या घरांपैकी ८२ टक्के घरांत कारण होतं कोळसा.

तेव्हा सिअ‍ॅटल टाइम्सने पहिल्या पानावर सहा भाषांत इशारा छापला होता. इंग्रजी वर्तमानपत्राने पहिलं पान परक्या भाषांना द्यावं, असं रोज होत नाही. पण लोक मरत होते, आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगणं हाच उपाय होता.

तुम्ही म्हणाल, १९९३ मध्ये एवढं कळलं होतं, पिशवीवर चित्रंही आली, मग २००६ मध्ये पुन्हा तेच कसं? मलाही हाच प्रश्न पडला. उत्तर साधं आहे. १९९३ ची माणसं शिकली होती. पण मधल्या तेरा वर्षांत नवी माणसं आली. शहराला आठवण असते, दप्तरी नोंदी असतात. विमानतळावर उतरणाऱ्या माणसाकडे मात्र त्याच्या स्वतःच्या घराचीच आठवण असते. माझ्या आईसारखी!

आता आईच्या घराबद्दल. तिच्या शहाणपणात चूक काय होती, हे मला समजून घ्यायचं होतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, शेपा, बाळंतशोपा. दार लोटलेलं, वारा लागू नये म्हणून फटीत कापडाचे बोळे. आईचे दोन्ही जन्म, म्हणजे तिचा स्वतःचा आणि तिने दिलेला माझा, अशाच खोलीत झाले. मग त्या खोल्यांत सगळ्याजणी कशा वाचल्या?

एक तर त्या घराला वर कौलं होती. दार लावलं तरी कौलांच्या फटींतून घर श्वास घेत होतं. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी असायची, तिच्यातून चिमण्या आत येत. ती गळकी, फटींची घरंच राखण करत होती, आणि श्रेय मात्र शेगडीला मिळालं. दुसरं म्हणजे, सगळ्या वाचल्याच असंही नाही. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. जुन्या काळी अशा मृत्यूला काय नाव दिलं जात असेल, कुणास ठाऊक.

इथलं घर याच्या अगदी उलट. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इंधन वाचवण्यासाठी घरं घट्ट बांधायला सुरुवात झाली. भिंतींत कापसासारखं अस्तर, दुहेरी काचा, दाराखिडक्यांना रबरी पट्ट्या. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेलं घर, त्यातून दुसरंही काही बाहेर जात नाही.

आणि धुराचं काय? धूर हा आईचा इशारा होता, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. धूर म्हणजे वाईट, धूर गेला म्हणजे चांगलं. पण धूर दिसतो तो कोळशातल्या अर्धवट जळणाऱ्या बाकीच्या पदार्थांचा. तो संपून निखारा फुलला की उरतो जवळजवळ शुद्ध कार्बन. त्याला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि माणूस म्हणतो, जागरण झालं असेल. मी म्हटलंच होतं ना! म्हणजे ज्या क्षणी आईच्या हिशेबाने शेगडी निर्धोक झाली, त्याच क्षणी ती आत आणू नये अशी होती.

आणखी एक धागा आहे. इतकी घरं एका फटक्यात थंड का पडतात? इथे कोलंबिया नदीवर १९३० आणि ४० च्या दशकांत बॉनव्हिल आणि ग्रँड कूली ही प्रचंड धरणं झाली. वीज इतकी स्वस्त झाली की घरं विजेनेच तापवायची पद्धत पडली. ज्यांच्याकडे गॅसची भट्टी आहे तिचाही पंखा विजेवरच चालतो. जुनी लाकडाची चूल गेली, तिची चिमणीही गेली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये असंच झालं होतं. तिथेही मोठमोठी धरणं, स्वस्त वीज आणि विजेवर तापणारी घरं. १९९८ च्या जानेवारीत तिथे पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडला. तारांवर बर्फाचे जाड थर चढले, सुमारे हजार लोखंडी मनोरे आणि तीस हजारांवर लाकडी खांब कोसळले. काही गावांना महिनाभर वीज नव्हती. ज्यांच्या तळघरात जुनी लाकडाची चूल होती त्यांच्या घरी शेजारीपाजारी राहायला आले. लष्कराचे हजारो जवान मदतीला उतरले. आणि तिथेही काही जण थंडीने नव्हे, तर ऊब घरात आणण्याच्या धडपडीत गेले.

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये पुन्हा तेच. पंचेचाळीस लाखांवर घरं-दुकानं अंधारात, सरकारी मोजणीप्रमाणे २४६ मृत्यू. ह्यूस्टनमध्ये आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत, त्या आठवड्यात कितीतरी घरी फोन लावले होते मी. तिथे काही जणांनी बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून ऊब घ्यायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे कोळसा नव्हता, गाडी होती, एवढाच फरक.

आता आमच्या जिन्यातल्या त्या अलार्मबद्दल. २००६ च्या मृत्यूंनंतर, २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला. नव्या घरांत २०११ पासून आणि भाड्याच्या घरांत २०१३ पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. जुनं घर विकतानाही तो बसवावा लागतो. आमचं घर जुनं. आम्ही ते विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने कायद्यापुरता एक अलार्म लावला होता. मी कागदावर सही करताना मनात म्हटलंही होतं, आणखी एक डबडं! त्या डबड्याच्या मागे आठ माणसं उभी होती. आम्ही तिघी त्यांच्यामुळे आहोत.

तर आता आमच्या घरी ऑक्टोबरात तयारीचा एक रविवार असतो. यादी बरीचशी आईचीच आहे. पाणी माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने. इथलं राज्य सरकार दोन आठवड्यांची सोय करा म्हणतं. तेवढं ठेवायला जागा नाही, पण आठवड्याचं ठेवतो. चुरमुरे, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, न शिजवता खाता येईल असं. ताटात काडेपेटीऐवजी बॅटरीचे दिवे. फ्रीज उघडायचा नाही, बंद राहिला तर चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. गॅरेजच्या दाराची लाल दोरी ओढून ते हाताने कसं उघडायचं, हे तिघींनी करून पाहिलंय. गाडीत फोन चार्ज करायचा तर गाडी आधी गॅरेजबाहेर काढायची. निजायला एकच खोली, तिघींची अंथरुणं एकत्र, दाराला चादर. हे सगळं आईने पहिल्याच रात्री केलं होतं, आणि ते सगळं बरोबर होतं.

यादीत भर फक्त दोन गोष्टींची. प्रत्येक मजल्यावर एक अलार्म, बॅटरी तपासलेली. आणि घराबाहेर कुठे जायचं, ते ठरलेलं. ज्यांच्याकडे वीज असेल अशा दोन घरांची नावं फ्रीजवर लिहून ठेवली आहेत. खरी ऊब म्हणजे तीच, हे क्वेबेकमधल्या लोकांनी १९९८ मध्ये करून दाखवलं आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला फोनवर सांगितलं. १९९३ चे ४४ लोक, २००६ ची ती पन्नास घरं. सोमालियातून आलेल्या, व्हिएतनाममधून आलेल्या आयाबायांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांचीही नातवंडं थंडीने कुडकुडत असतील ना गं?"

मी म्हटलं, "हो आई."

बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग लिही. आपल्यातली कितीतरी माणसं पोरांकडे येतात तिकडे. त्यांना कोण सांगणार?"

म्हणून लिहिलं. तुमच्याकडे या हिवाळ्यात आई-बाबा, सासू-सासरे येणार असतील तर पहिल्याच आठवड्यात, गरम पाण्याचा नळ दाखवता ना, त्याच वेळी अलार्मही दाखवा. तो वाजवून ऐकवा. धूर नसला तरी बाहेर पडायचं, एवढं एक वाक्य मराठीत सांगा.

आणि हो, ग्रुपवरचा तो विनोद आता पुरे. करायचाच असेल तर माझ्यावर करा. दार मी धरलं होतं.